क्लबकडे पैसे नाहीत, मग खेळाडू घेतला कशानं? ट्रान्सफरच्या बातम्या वाचायला शिकताना

6 ऑक्टोबर 2020, पहाटेचे साडेतीन. लंडनमध्ये आदल्या रात्रीचे अकरा, म्हणजे इंग्लंडची ट्रान्सफर विंडो बंद व्हायची घटका. कॉलेज बंद म्हणून भाचा आमच्याकडे कोल्हापुरात मुक्कामाला होता. त्यानं मला हलवून जागं केलं आणि मोबाईल नाकासमोर धरला. "मामा, आर्सेनलकडं पैसं न्हाईत म्हणत्यात. पंचावन्न माणसं कमी करायला निघालेत, त्या डायनासोरलाबी घरी बसवला. मग ह्यो साडेचार कोटी पौंडाचा गडी घेतला कशानं?"

गडी म्हणजे थॉमस पार्टी, अ‍ॅटलेटिको माद्रिदचा मिडफिल्डर. डायनासोर म्हणजे गनरसॉरस, आर्सेनलचा हिरवा मॅस्कॉट. 1993 पासून त्या पोशाखात मैदानाभोवती हात हलवत फिरणाऱ्या माणसाची नोकरी गेल्याची बातमी नेमकी त्याच दिवशी आली होती.

मी दिवसभर लोकांचे जमाखर्च लिहितो, त्यामुळे प्रश्न ऐकून झोपच उडाली. चहा टाकला, जुनी वही काढली आणि त्याला समजावत बसलो. तेच इथे जरा नीट मांडतोय. ज्यांना ऑफसाइड कळतो पण "4.1 कोटी अधिक 40 लाख, शिवाय बायबॅक" असलं काही वाचलं की गरगरतं, त्यांच्यासाठी. उदाहरणं मुद्दाम 2020-21 ची घेतली आहेत. कोरोनाने त्या वर्षी गेटला कुलूप लावलं आणि एरवी गर्दीच्या आवाजात झाकले जाणारे हिशेब उघडे पडले.

पायरी 1: आधी गल्ला बघा

मोठ्या क्लबकडे पैसा तीन वाटांनी येतो. सामन्याच्या दिवशीची तिकिटं आणि खाणंपिणं, टीव्हीचे हक्क, आणि प्रायोजक-जर्सी-जाहिराती. चौथी वाट खेळाडू विकण्याची, पण ती नेहमीच्या उत्पन्नात धरत नाहीत. वावर विकून आलेला पैसा कुणी पिकाच्या उत्पन्नात लिहीत नाही, तसंच.

कुठल्या क्लबला किती झळ बसली हे त्याचा कोणता नळ मोठा होता त्यावर ठरलं. मँचेस्टर युनायटेडचे आकडे बघा. 2019-20 मध्ये सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न 8.98 कोटी पौंड होतं, आणि ते वर्षही मार्चपासून अर्धवटच होतं. 2020-21 मध्ये ते 71 लाखांवर आलं. ओल्ड ट्रॅफर्डसारखं स्टेडियम, आणि वर्षाची तिकीटविक्री एखाद्या बऱ्या खेळाडूच्या वर्षाच्या पगाराइतकी! टॉटनमची गत आणखी बिकट. त्यांचं नवंकोरं स्टेडियम एप्रिल 2019 मध्ये उघडलं, डोक्यावर बांधकामाचं कर्ज, आणि वर्षभरात दारं बंद. जून 2020 मध्ये त्यांनी बँक ऑफ इंग्लंडच्या कोविड योजनेतून 17.5 कोटी पौंड उचलले. आर्सेनलनेही पुढच्या जानेवारीत त्याच खिडकीवर रांग लावून 12 कोटी घेतले.

टीव्हीचा पैसा तुलनेनं टिकला, पण सामने झाले तर. प्रीमियर लीग 13 मार्चला थांबली ती 17 जूनला परत सुरू झाली, बुंडेसलिगा त्याच्या महिनाभर आधी, 16 मे ला. रिकाम्या खुर्च्यांसमोर का होईना, सामने उरकण्याची एवढी घाई का होती ते यावरून कळेल. फ्रान्सने मात्र एप्रिलअखेर हंगामच गुंडाळला. वर पुढच्या हंगामासाठी ज्या मीडियाप्रो कंपनीने वर्षाला 80 कोटी युरोहून जास्त द्यायचं कबूल केलं होतं, तिने ऑक्टोबर 2020 चा हप्ताच थकवला. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत फ्रेंच खेळाडू स्वस्तात का निघाले याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता दुसरी बाजू. उत्पन्न थांबलं तरी पगार थांबत नाही. खेळाडूचा करार असतो, त्यात "महामारी आली तर निम्मा" असं कलम नसतं. आर्सेनलच्या बहुतेक खेळाडूंनी एप्रिलमध्ये साडेबारा टक्के कपात मान्य केली, तीसुद्धा बरीच ओढाताण होऊन. म्हणून कुठलीही ट्रान्सफरची बातमी वाचली की पहिला प्रश्न किंमतीचा विचारू नका. या क्लबचा मोठा नळ कोणता, तो चालू आहे का, आणि पगारपत्रक केवढं आहे, एवढं आधी बघा.

पायरी 2: कराराची शेवटची तारीख शोधा

क्लब माणूस विकत घेत नाही, त्याची नोंदणी घेतो. करार चालू असेल तोवर त्या नोंदणीला किंमत. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला छदामही नाही. 1995 च्या बॉसमन निकालापासून युरोपात हेच चालतं. शिवाय शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी आगाऊ करार करता येतो.

म्हणून दोन-तीन वर्षं उरलेला खेळाडू म्हणजे ताजी भाजी, एक वर्ष उरलेला म्हणजे संध्याकाळची भाजी. विकणारा टोपली उचलून घरी न्यायच्या बेतात असतो आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं.

2020 मध्ये संध्याकाळच्या बाजारात सगळ्यात गाजलेलं नाव लुईस सुआरेझचं. वय 33, बार्सिलोनासाठी 198 गोल, करारात एक वर्ष बाकी, पगार अवाढव्य. बार्सिलोनाला तो पगार कमी करायचाच होता. आधी युव्हेंटसने त्याला घ्यायचं ठरवलं. इटालियन पासपोर्ट लागणार होता म्हणून सुआरेझ इटलीत पेरुजाला जाऊन इटालियनची परीक्षासुद्धा देऊन आला, आणि ती परीक्षा इतकी सोपी कशी झाली यावरून पुढे चौकशी लागली. तोवर वेळ निघून गेली. युव्हेंटसने मग अ‍ॅटलेटिकोचा अल्वारो मोराता वर्षभरासाठी उसना घेतला: भाडं 1 कोटी युरो, नंतर हवा असेल तर 4.5 कोटीत कायमचा. मोराता गेल्यावर अ‍ॅटलेटिकोत स्ट्रायकरची जागा रिकामी झाली, आणि तिथे सुआरेझ बसला. बार्सिलोनाला मिळाले काय, तर अटी पूर्ण झाल्या तर जास्तीत जास्त 60 लाख युरो.

तीन क्लब, दोन स्ट्रायकर, आणि त्या वेळी भाड्यापलीकडे रोख जवळपास कुणीच मोजली नाही. महामारीतली खरेदी ही अशी. नवीन वाचकाने "उसना", "पर्याय" आणि "सक्ती" हे तीन शब्द नीट वेगळे ओळखावेत. पर्याय म्हणजे वाटलं तर घेऊ. सक्ती म्हणजे आज उसना म्हणतोय, पण पुढच्या वर्षी पैसे द्यावेच लागतील. दुसऱ्या प्रकारात खरेदी झालेलीच असते, फक्त बिल पुढच्या तारखेचं.

पायरी 3: रक्कम वर्षांत वाटून टाका

इथे माझा धंदा कामाला येतो. खेळाडूवर मोजलेली रक्कम क्लब एका वर्षाचा खर्च म्हणून लिहीत नाही. कराराची जेवढी वर्षं तेवढ्यांत ती सारखी वाटतो. ट्रॅक्टर घेतल्यावर आपण दरवर्षी घसारा लावतो, तसाच.

टिमो वेर्नर घ्या. जून 2020 मध्ये चेल्सीने त्याला लाइपझिगहून सुमारे 4.75 कोटी पौंडांना घेतलं, करार पाच वर्षांचा. म्हणजे वर्षाचा घसारा 95 लाख पौंड. वर पगार. ही बेरीज त्याचं वर्षाचं खरं ओझं. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूललाही तो हवा होता, पण गेट बंद असताना त्यांनी हात आखडता घेतला. चेल्सीकडे आदल्या वर्षीचे पैसे साठले होते. 2019 च्या उन्हाळ्यात फिफाच्या बंदीमुळे त्यांना नवा गडी नोंदवता आला नव्हता आणि एडन हझार्डला रिअल माद्रिदला विकून मोठी रक्कम आली होती. उपासामुळे शिल्लक पडली म्हणा.

आता विकताना काय होतं ते बघा, कारण गंमत तिथेच आहे. विक्रीची किंमत वजा पुस्तकात उरलेली किंमत म्हणजे नफा, आणि तो नफा मात्र एका झटक्यात, त्याच वर्षी लिहायचा. खर्च पाच वर्षांत, नफा आजच्या आज! आणि स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत जवळपास शून्य, म्हणजे तो विकला तर सगळाच नफा.

आमच्याकडे मार्चएंडला जी धावपळ असते ती युरोपातल्या बहुतेक क्लबांत 30 जूनला. 29 जून 2020 ला बार्सिलोना आणि युव्हेंटसने अदलाबदल जाहीर केली. आर्थर युव्हेंटसला 7.2 कोटी युरोत, मिरालेम प्यानिच बार्सिलोनाला 6 कोटी युरोत, वर थोड्या अटी. प्रत्यक्ष हातात फरक पडला 1.2 कोटींचा. पण पुस्तकात? युव्हेंटसने प्यानिच 2016 मध्ये 3.2 कोटीत घेतला होता आणि बराचसा घसारा लागून गेला होता, त्यामुळे एका सहीत 4 कोटींहून जास्त नफा. तिकडे बार्सिलोनालाही आर्थरवर तसाच नफा. वर्ष संपायला एक दिवस बाकी!

दोन खेळाडूंची किंमत अशी दोघांनी मिळून ठरवली की बाजारभाव कोणाला विचारायचा? पुढे इटलीत अशा व्यवहारांची चौकशी झाली आणि 2022-23 च्या हंगामात युव्हेंटसचे आधी 15 गुण कापले, ते रद्द झाले आणि शेवटी 10 कापले. आर्थरचं म्हणाल तर, विकल्यानंतर ऑगस्टमधल्या चॅम्पियन्स लीगच्या सामन्यांसाठी तो बार्सिलोनाकडे परतलाच नाही. ज्या संघाने आपल्याला ताळेबंदाची ओळ केलं त्याच्यासाठी घाम का गाळायचा, असं त्याला वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

पायरी 4: रोकड कधी जाते ते विचारा

घसारा ही पुस्तकातली गोष्ट. बँकेतून पैसे कधी जातात हा वेगळा प्रश्न, आणि नवखे लोक इथेच सर्वात जास्त फसतात. ट्रान्सफरचे पैसे बहुतेक वेळा हप्त्याने जातात.

सप्टेंबर 2020 मध्ये लिव्हरपूलने वुल्व्ह्जकडून डिओगो जोटा घेतला, 4.1 कोटी पौंड आणि वर अटींवर काही. त्या वेळच्या बातम्यांनुसार पहिल्या वर्षी द्यायचे होते फक्त दहावा हिस्सा. उलट दिशेने लिव्हरपूलचा तरुण डिफेंडर की-याना हूवर वुल्व्ह्जला गेला, त्याचेही काही पैसे आले. मग 2 ऑक्टोबरला लिव्हरपूलने रियान ब्रूस्टर हा विशीतला स्ट्रायकर शेफील्ड युनायटेडला 2.35 कोटी पौंडांना विकला, आणि हवा तर परत विकत घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. तोच तो बायबॅक. दोघेही पोरगे अकादमीतून आलेले, म्हणजे पुस्तकात जवळपास सगळा नफा.

वहीवर मी हे तीन व्यवहार एकाखाली एक लिहून दाखवले तेव्हा भाचा म्हणाला, "म्हंजे जोटा फुकटच की!" फुकट नाही. पुढच्या वर्षांचे हप्ते आहेत. पण गेट बंद असलेल्या त्या एका वर्षापुरता, हो, जवळपास तसंच.

जोटाने त्या हंगामात लीगच्या 19 सामन्यांत 9 गोल केले. 2025 च्या जुलैत स्पेनमधल्या मोटार अपघातात भावासह गेला तो हाच. त्याच्याबद्दल हप्त्यांच्या भाषेत लिहिताना आता हात जरा अडखळतो.

हप्त्यांचं आणखी एक अंग आहे. विकणारा क्लब पुढचे हप्ते धरूनच आपली खरेदी करतो, कधी तर ते येणं एखाद्या बँकेला सवलतीत विकून आजच रोकड उभी करतो. म्हणजे एकाचा हप्ता थकला की तिसराच गोत्यात. अडत दुकानांची उधारी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता भाच्याचा मूळ प्रश्न. पार्टीच्या बाबतीत हप्त्याची सोयच नव्हती. स्पेनमध्ये प्रत्येक करारात सुटकेची रक्कम लिहिलेली असते आणि क्लब विकायला राजी नसेल तर ती अख्खी एकरकमी भरून खेळाडू सोडवावा लागतो. आर्सेनलने 5 कोटी युरो भरले, म्हणजेच साडेचार कोटी पौंड. आले कुठून? मालकाकडून आलेल्या आधारातून. क्रोएंकेंच्या कंपनीने त्याच उन्हाळ्यात स्टेडियमचं जुनं कर्ज फेडून ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं, त्यामुळे क्लबच्या खात्यात अडकलेली रोकड मोकळी झाली. पंचावन्न माणसांचा पगार आणि पार्टीची रक्कम यांची खाती निराळी. हिशेबाला हे पटतं. गनरसॉरस घालणाऱ्याला पटावं अशी अपेक्षा नाही. आर्सेनलचाच खेळाडू मेसुत ओझिलने तर जाहीरच केलं की मी इथे आहे तोवर त्याचा पगार मी देतो. दीड महिन्यात डायनासोर परत आला.

पायरी 5: स्ट्रायकरचे गोल सोलून बघा

बाजारात सगळ्यात महाग माल गोल, आणि सगळ्यात नाशवंतही तोच. क्लब पैसे मोजतो गेल्या वर्षीच्या गोलांवर, हप्ते फेडतो पुढच्या वर्षांत. मध्ये काय बदललं ते तपासणं हे तुमचं काम.

पहिलं, मिनिटं आणि पेनल्टी. एकूण गोलांतून पेनल्टी वजा करा, उरलेल्या गोलांनी खेळलेली मिनिटं भागा. निम्म्या हंगामाचे गोल असतील तर त्यावर उडी मारू नका. ब्रूस्टरने स्वॉन्झीकडे उसना असताना, दुसऱ्या स्तरावर, 22 सामन्यांत 11 गोल केले होते. तेवढ्यावर शेफील्ड युनायटेडने क्लबच्या इतिहासातली सर्वात मोठी रक्कम मोजली. 2020-21 च्या प्रीमियर लीगमध्ये तो 27 सामने खेळला. गोल शून्य. अख्ख्या संघाने हंगामात 20 गोल केले आणि तळाला जाऊन पडला. पोराचा दोष किती? ज्या संघाकडून चेंडूच पुढे येत नाही तिथे स्ट्रायकर काय करणार? पण 2.35 कोटी मोजताना हा विचार कुणीतरी करायला हवा होता.

दुसरं, संधींचा दर्जा. हल्ली सगळीकडे दिसणारा एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल. कल्पना साधी आहे. त्या जागेवरून, तशा कोनातून मारलेले हजारो फटके मोजले तर किती आत जातात? पेनल्टी असेल तर साधारण 0.76 ते 0.79, तीस यार्डांवरून मारला तर शंभरात दोन-तीन. स्ट्रायकरच्या सगळ्या फटक्यांची अशी बेरीज केली की कळतं, माणूस जागेवर पोचतोय का. पोचतोय पण चुकतोय, तर बहुतेक वेळा फॉर्म परत येतो. पोचतच नसेल तर काळजी. आणि अपेक्षेच्या दुप्पट गोल करणारा विकत घेत असाल तर त्याहून जास्त काळजी.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: मोकळी जागा. वेर्नरने 2019-20 च्या बुंडेसलिगात 28 गोल केले, त्याच्या पुढे फक्त लेवांडोव्स्की. लाइपझिगचा खेळ म्हणजे चेंडू हिसकावला की सुसाट पुढे. समोर पस्तीस-चाळीस यार्ड मोकळं रान आणि त्यात पळणारा वेर्नर. चेल्सीसमोर निम्मे संघ आपल्या गोलसमोरच्या पेटीत दहा माणसं उभी करून बसायचे. पळायला जागाच नाही. चुकलेल्या संधी, ऑफसाइडमुळे रद्द झालेले गोल, हताश चेहरा. लीगमध्ये 6 गोल. त्याच हंगामात तो चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या संघात होता, त्याच्या धावण्याने इतरांना जागा मिळायची, हेही खरं. पण दोन वर्षांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, लाइपझिगने त्याला परत नेला तो सुमारे 2 कोटी युरोत. घसारा मांडा: 4.75 मधून दोन वर्षांचे 1.9 गेले, पुस्तकात उरले 2.85 कोटी पौंड. पुस्तकात एक कोटी पौंडाच्या आसपास खड्डा.

चौथं, वय आणि पगार. आर्सेनलचा स्ट्रायकर ऑबामेयांगने 2018-19 आणि 2019-20 दोन्ही हंगामांत लीगमध्ये 22-22 गोल केले. 1 ऑगस्ट 2020 ला रिकाम्या वेम्बलीत एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच. करारात वर्षच उरलेलं, वय 31. आर्सेनलने सप्टेंबरमध्ये तीन वर्षांचा नवा करार दिला, आठवड्याला अडीच लाख पौंडांच्या आसपास पगार अशा बातम्या होत्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. पुढच्या हंगामात लीगमध्ये 10 गोल, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये करार मोडून तो फुकटात बार्सिलोनाला गेला. ट्रान्सफरची रक्कम शून्य होती म्हणून हा व्यवहार कुठल्याच महागड्या खरेदीच्या यादीत दिसत नाही. नवा करार हीसुद्धा खरेदीच असते, हे विसरू नका.

आणि सुआरेझ? तोच 33 वर्षांचा, बार्सिलोनाने जवळपास फुकट सोडलेला. अ‍ॅटलेटिकोसाठी ला लिगात 21 गोल. 22 मे 2021 ला शेवटच्या दिवशी वायादोलिदविरुद्ध विजयी गोल त्याचाच, अ‍ॅटलेटिको विजेते. सामना संपल्यावर तो मैदानात एकटा बसून फोनवर घरच्यांशी बोलत ढसाढसा रडत होता. स्टेडियम रिकामं असल्यामुळे ते दृश्य आणखीच लक्षात राहिलं. त्याला पळायला रान लागत नव्हतं, पेटीतली वीतभर जागा पुरत होती. वय त्या जागेतलं कसब चटकन हिरावून घेत नाही.

रिकाम्या स्टेडियमचा हिशेब मात्र वेगळा धरायला हवा. 2020-21 च्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघांनी 153 सामने जिंकले आणि यजमानांनी 144. इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये असं आधी कधीच झालं नव्हतं. त्या वर्षीच्या घरच्या-बाहेरच्या आकड्यांवरून कुणाचा स्वभाव ठरवू नका.

कधीकधी थांबावंही लागतं. लिलचा व्हिक्टर ओसिमेन जुलै 2020 मध्ये नापोलीने सुमारे 7 कोटी युरोत घेतला. उलट दिशेने नापोलीचे चार खेळाडू लिलला विकल्याचं दाखवलं आणि त्यांच्या किमतीवरूनही पुढे तपास झाला. पहिल्या हंगामात खांद्याची दुखापत, मग कोरोना, लीगमध्ये 10 गोल. लोक "पैसे पाण्यात" म्हणाले. 2022-23 मध्ये त्याच गड्याने 26 गोल ठोकले आणि नापोली 1990 नंतर पहिल्यांदा विजेती झाली.

पायरी 6: बातमी कोण देतंय?

थोडक्यात सांगतो. "रस आहे" म्हणजे बहुधा एजंटने चहा पाजला. "बोलणी सुरू" म्हणजे अर्धं खरं. "वैद्यकीय तपासणी" म्हणजे जवळपास झालं. किंमत क्लबने सांगितली नसेल तर विकणाऱ्याच्या गावचा पेपर मोठा आकडा छापतो, घेणाऱ्याच्या गावचा लहान. अटींची रक्कम एकजण धरतो, दुसरा सोडतो.

मुदतीच्या धमक्याही अशाच. डॉर्टमुंडने 2020 मध्ये जेडन सँचोसाठी 12 कोटी युरो मागितले आणि 10 ऑगस्टची मुदत दिली. मँचेस्टर युनायटेडला ही बतावणी वाटली. ती नव्हती, सँचो तिथेच राहिला. वर्षभराने युनायटेडने त्याला 8.5 कोटी युरोत घेतला. अडून बसायचं तर विकण्याची घाई नाही असं दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी गल्ल्यात काहीतरी असावं लागतं. पुन्हा पायरी 1.

बार्सिलोनाच्या गल्ल्यात काय होतं ते ऑगस्ट 2021 मध्ये अध्यक्ष लापोर्तांनी स्वतः सांगितलं: देणी 135 कोटी युरो, आणि पगाराचा बोजा उत्पन्नाच्या 103 टक्के. स्पेनमध्ये लीगच प्रत्येक क्लबला खर्चाची मर्यादा घालून देते. त्या मर्यादेत मेस्सी बसेना, म्हणून मेस्सी गेला. ट्रान्सफरची रक्कम: शून्य.

पायरी 7: हेच गोव्यात कसं दिसतं

आपल्याकडचा नमुना जवळून बघायचा तर 2020-21 ची इंडियन सुपर लीग बघा. अख्खी स्पर्धा गोव्यात झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना. फुटबॉलसाठी जीव टाकणारा गोंयकार मडगावात बसून मडगावचाच सामना टीव्हीवर बघत होता.

आयएसएलमध्ये गेटचा पैसा आधीच किरकोळ, मालक पदरचे घालतो. त्यामुळे इथे बहुतेक खेळाडू करार संपवून मोकळेच फिरतात आणि सगळा खेळ पगाराचा. मुंबई सिटीत नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या गटाने 65 टक्के हिस्सा घेतला, आणि 2020 मध्ये एफसी गोवाचा कणाच मुंबईला गेला: प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, आपला मंदार राव देसाईसुद्धा. गोव्याने स्ट्रायकर म्हणून इगोर आंगुलो आणला. त्याने 14 गोल केले. एटीके मोहन बागानच्या रॉय कृष्णाचेही तितकेच, पण आंगुलोची मिनिटं कमी म्हणून गोल्डन बूट त्याला. (मिनिटं बघा म्हटलं होतं ना?) उपांत्य फेरीत गोवा हरला तो मुंबईकडूनच, पेनल्टींवर. पुढच्या हंगामात आंगुलोही मुंबईत!

आता वही

एक दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक खरेदीला एक पान. नाव, वय, करार कधीपर्यंत, रक्कम, वर्षाचा घसारा, पहिल्या वर्षी किती रोकड, गेल्या हंगामातली मिनिटं, पेनल्टी सोडून गोल, जुन्या संघात गोल कुठून यायचे. शेवटचा रकाना स्वतःच्या अंदाजाचा, आणि तो पेनने लिहायचा, पेन्सिलीने नाही.

आमच्या वहीत जून 2020 च्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "वेर्नर, चेल्सी. लीगमध्ये 20 तरी, डोळे झाकून." त्याखाली भाच्याने लाल पेनने फक्त "6" लिहून गोल केलाय. पुढे सप्टेंबरचं पान उलटा. त्याचं अक्षर: "सुआरेझ. म्हातारा झालाय. 8." त्याखालचा 21 मी लाल पेनानेच लिहिला, जरा मोठ्या अक्षरात.